राजवधाचे संगीत



१८४७ च्या मार्च महिन्यातली एक रात्र. फ्लॉरेन्स शहरातल्या पेर्गोला नाट्यगृहात एका नव्या ऑपेराची रंगीत तालीम व्हायची आहे. निमंत्रित मंडळी येऊन बसली आहेत, वाद्यवृंद सूर जुळवीत आहे, गायक-गायिका पोशाख चढवून, रंग लावून तयार आहेत. इतक्यात तेहेतीस वर्षांचा, दाढी राखलेला, अबोल संगीतकार आत येतो आणि नायक-नायिकेला सांगतो, “वरून घोंगडी-झगे काय असतील ते पांघरा आणि माझ्याबरोबर बाहेरच्या दालनात चला. ते द्वंद्वगीत पियानोवर पुन्हा एकदा म्हणावयाचे आहे.” नायक संतापतो. दीडशे वेळा म्हणून झाले, आता काय राहिले आहे, असे तो विचारतो. संगीतकार शांतपणे सांगतो की थोड्याच वेळात ती एकशे एक्कावन्न होतील. आणि मंडळी मुकाट्याने जातात.

ही हकीकत त्या नायिकेनेच म्हातारपणी सांगितली. म्हाताऱ्या नटनट्यांच्या आठवणी म्हटल्या म्हणजे आकड्यांना थोडी फोडणी असावयाचीच. दीडशे हा आकडा मी शपथेवर सांगणार नाही. पण गोष्टीतला गाभा खरा आहे, कारण त्या संगीतकाराची त्या दिवसांतली पत्रे उपलब्ध आहेत व त्यांतही हाच ध्यास ओळीओळीतून दिसतो. तो संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी. ऑपेरा होता ‘मॅकबेथ’. आणि ज्या द्वंद्वगीतासाठी एवढा आटापिटा चालला होता, ते राजाचा खून करून रक्ताळलेल्या हातांनी बाहेर आलेला नवरा आणि दाराशी त्याची वाट पाहणारी बायको यांच्यातले होते.

शेक्सपीयरच्या ‘मॅकबेथ’चे कथानक येथे बहुतेकांना ठाऊक आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला, शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ केला; ज्यांनी इंग्रजी पुस्तक उघडले नाही त्यांनाही ही माणसे परकी नाहीत. लढाईहून परतणाऱ्या सरदाराला चेटकिणी भेटतात, तू राजा होशील म्हणून सांगतात. घरी बायको त्या ठिणगीवर फुंकर घालते. पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा झोपेत खून होतो. आणि मग एका खुनामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा, अशी ती वाट निसरडी होत जाते. प्रश्न असा की, हे सगळे गाऊन कसे सांगावयाचे? आपल्या संगीत नाटकात निदान गद्याचा आधार असतो. पात्रे बोलतात व भावना भरून आली म्हणजे पद म्हणतात. इटालियन ऑपेरात अथपासून इतिपर्यंत गाणेच. महत्त्वाकांक्षेचा सडा सुरेल केला तर तो सडा राहील काय?

व्हेर्दीपुढे हा प्रश्न उभा होता आणि त्याला तो पुरता ठाऊक होता, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम माणसाविषयी थोडे. व्हेर्दीचा जन्म १८१३ सालचा, पार्मा संस्थानातल्या बुस्सेतो गावाजवळच्या ले रोंकोले नावाच्या खेड्यातला. बाप खाणावळ व दुकान चालवी. बुस्सेतोतल्या आंतोनियो बारेझ्झी नावाच्या संगीतप्रेमी व्यापाऱ्याने या मुलाला घरात घेतले, शिकावयास मिलानला पाठविले आणि पुढे आपली मुलगी दिली. मुलगी, नातू, नात, तिघेही १८३८ ते १८४० या दोन वर्षांत गेली. त्याच १८४० साली व्हेर्दीने लिहिलेली विनोदी ऑपेरा मिलानच्या प्रेक्षकांनी पहिल्याच रात्री पाडली. संगीत सोडावयाचे असे त्याने म्हणे ठरविले होते. पुढे १८४२ मध्ये ‘नाबुक्को’ आली आणि दिवस पालटले. मात्र पालटले म्हणजे कसे, तर दर सालाला एक-दोन ऑपेरा, आज हे शहर उद्या ते, ठेकेदारांचे करार आणि गायकांचे रुसवेफुगवे. ह्या वर्षांना त्याने पुढे गुलामांनी वल्ही मारावयाच्या गलबतावरील वर्षे म्हटले आहे. १८४६ च्या आरंभी तो इतका आजारी पडला की वैद्यांनी सहा महिने पूर्ण विश्रांती सांगितली. त्या विश्रांतीत, रेकोआरोच्या झऱ्यांकाठी कवी आंद्रेया माफ्फेई याच्या संगतीत, ‘मॅकबेथ’ने त्याच्या मनात घर केले. ही त्याची दहावी ऑपेरा.

आता, विषय कसा निवडला गेला ते ऐकाल तर हसाल. फ्लॉरेन्सचा ठेकेदार लानारी याच्याशी करार झाला होता. मनात विषय तीन होते: एक शिलरचा, एक ग्रिलपार्त्झरचा आणि एक शेक्सपीयरचा. शिलरच्या नाटकाला पहिल्या प्रतीचा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी गळा, हवा होता. तसा गायक त्या हंगामात मिळेना. ‘मॅकबेथ’ला टेनरवाचून चालण्यासारखे होते, त्याला बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा भरदार आवाज, पुरे होता, आणि फेलिचे वारेझी हा तशा आवाजाचा उत्तम नट-गायक मोकळा होता. एवढ्यावर शेक्सपीयरची निवड झाली! परंतु याचा परिणाम पाहा. टेनर नाही म्हणजे प्रेमिक नाही. प्रेमिक नाही म्हणजे त्याची विरहगीते नाहीत, चांदण्यातली भेट नाही. इटालियन ऑपेराचा तो जन्मजात खुराकच या नाटकातून वजा झाला. उरले कोण? एक महत्त्वाकांक्षी नवरा, त्याहून महत्त्वाकांक्षी बायको, आणि चेटकिणी. पुढे व्हेर्दीनेच पॅरिसला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की या ऑपेरात पात्रे तीनच: लेडी मॅकबेथ, मॅकबेथ आणि चेटकिणींचा मेळा. नावे त्याने त्याच क्रमाने घातली आहेत.

व्हेर्दीला इंग्रजी येत नव्हते. कार्लो रुस्कोनीने १८३८ साली शेक्सपीयरचा इटालियन गद्य अनुवाद छापला होता, तो त्याच्या हाताशी होता. शेक्सपीयरची नाटके इटालीच्या रंगभूमीवर तेव्हा जवळजवळ दिसत नसत. जे काय परिचय तो पुस्तकातून. म्हणजे भाषा परकी, छंद गेलेला, प्रयोग पाहिलेला नाही. अशा तीन पडद्यांआडून या खेडवळ माणसाने नाटक पाहिले आणि ते मानवाच्या महान निर्मितींपैकी एक आहे, असे आपल्या कवीला, पियावेला, बजावले. आपल्याच्याने थोर काही होणार नसेल तर निदान सामान्याहून वेगळे काही करू, असेही सांगितले. नाटकाचा गद्य आराखडा, अंक, प्रवेश, सारे व्हेर्दीने स्वतः आखून दिले. बिचाऱ्या पियावेकडे फक्त ओळी जुळविण्याचे काम राहिले, आणि त्यातही प्रत्येक टपालाने एकच तक्रार: शब्द फार झाले, कमी कर, आणखी कमी कर. शेवटी तिसऱ्या अंकातले चेटकिणींचे समूहगान आणि निद्राभ्रमणाचा प्रवेश हे माफ्फेईकडून दुरुस्त करून घेतले. व्हेर्दीने पियावेला वागविले ते चांगले नव्हे, असे वाटते खरे. पण १८६७ साली पियावेला पक्षाघात झाला तेव्हा त्याच्या कुटुंबाला आधार देण्यात व्हेर्दी पुढे होता, हेही त्याच खात्यावर मांडले पाहिजे.

काटछाट मोठी झाली. दारूच्या धुंदीत दार उघडणारा द्वारपाल गेला, मॅकडफच्या बायकोचा प्रवेश गेला. राजा डंकन तर तोंडच उघडत नाही. गावठी बँडाच्या चालीवर तो रंगभूमीवरून मुकाट चालत जातो आणि थेट मरणाच्या खोलीत शिरतो. प्रथम पाहणाऱ्याला ती चाल थिल्लर वाटते. मला ती भयंकर वाटते. दाराशी वाजंत्री वाजत आहे, घरधनी हात जोडून उभा आहे, आणि आतल्या खोलीत काय शिजले आहे ते फक्त आपल्याला ठाऊक आहे.

तीन चेटकिणींचा व्हेर्दीने तीन तुकड्यांचा स्त्रियांचा मेळा केला. त्या आधी चव्हाट्यावरच्या भांडखोर बायकांसारख्या कचकचतात आणि भविष्य सांगताना एकदम गंभीर होतात. हे सर्वांना साधलेले वाटत नाही. आजही काही प्रयोगांत त्यांचे नाचरे ठेके ऐकून लोक हसतात. मी त्या भागाचे वकीलपत्र घेत नाही.

पण त्या द्वंद्वगीताकडे वळू. मॅकबेथला हवेत कट्यार दिसते, तेथून याची सुरुवात होते. येथे व्हेर्दीने सरळ बांधीव गाणे दिलेच नाही. वाक्यावाक्याला वाद्यवृंद रंग पालटतो, गायक अर्धवट बोलतो, अर्धवट गातो, जणू माणसाचे मन कोठे जात आहे ते चालीलाच ठाऊक नाही. तो आत जातो. घुबड ओरडते. तो बाहेर येतो. आणि मग नवराबायकोचे ते गीत सुरू होते, व्हेर्दीची सूचना अशी की काही थोड्या जागा सोडल्या तर सगळे दबल्या आवाजात, कुजबुजत म्हणावयाचे. तंतुवाद्यांवर दाबपट्टी बसविलेली. विचार करा, श्रोतेहो, १८४७ सालची इटाली. प्रेक्षक आले आहेत ते गळ्याची ताकद ऐकावयास, वरच्या सुरावर गायक ठरला म्हणजे छप्पर उडेल अशा टाळ्या देण्यास. आणि हा मनुष्य नाटकाच्या ऐन मोक्याच्या जागी त्यांना कुजबूज ऐकवितो! घरात पाहुणे निजलेले असताना दोघे खुनी आणखी कशा आवाजात बोलणार? वारेझीला त्याने तालमीपूर्वीच लिहून कळविले होते की गायकांनी संगीतकारापेक्षा कवीची चाकरी अधिक चांगली करावी, अशी आपली इच्छा आहे. संगीतकाराने हे लिहावे, यापरता वेगळा दाखला मजजवळ नाही.

लेडी मॅकबेथची भूमिका मारियान्ना बार्बिएरी-निनी हिच्याकडे होती. रूपाने ती सुंदर नव्हती; व्हेर्दीला त्याचे काहीच वाटले नाही. तिच्या सांगण्याप्रमाणे निद्राभ्रमणाच्या एका प्रवेशासाठी तिने तीन महिने घालविले. झोपेत बोलणारी माणसे ओठ हलविल्याशिवाय शब्द काढतात, चेहरा व डोळे निश्चल असतात, ते तिने आत्मसात केले. या प्रवेशात हाताचे न जाणारे डाग ती धूत राहते, वैद्य व दासी आडून पाहतात, दबलेली व्हायोलिने एकच आकृती पुन्हा पुन्हा घोटतात, आणि एक कण्हणारे सुषिर वाद्य मधूनमधून हुंदका देते. शेवटी ती आत जाता जाता गळ्याच्या अगदी वरच्या टोकाचा एक सूर लावते. तो जोरात नाही. धाग्यासारखा बारीक आवाज, असे व्हेर्दीने तेथे लिहून ठेवले आहे. पहिल्या अंकात नवऱ्याचे पत्र ती गात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते, आणि शेवटच्या अंकात ती ह्या धाग्यावरून निघून जाते.

या भूमिकेसंबंधी व्हेर्दीचे एक पत्र आहे, ते तर फारच महत्त्वाचे. १८४८ च्या नोव्हेंबरात नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ व्हावयाचा होता व ताडोलिनी या नामांकित गायिकेला लेडीचे काम दिले होते. व्हेर्दीने तेथल्या काम्मारानो या कवीला लिहिले की ही निवड चुकली. का, तर बाई गाते फार उत्तम! ती दिसावयास सुंदर आहे. आपल्याला लेडी कुरूप व दुष्ट दिसावयास हवी. तिचा आवाज निर्मळ, स्वच्छ, भरीव. आपल्याला तो कर्कश, घुसमटलेला, काळवंडलेला हवा. देवदूताच्या आवाजाऐवजी सैतानाचा आवाज त्याला पाहिजे होता. आणि ऑपेरातल्या मुख्य जागा दोन, ते द्वंद्वगीत आणि ते निद्राभ्रमण; त्या फसल्या तर सारा ऑपेरा बुडाला; आणि त्या गावयाच्या मुळीच नाहीत, वठवावयाच्या आहेत.

आपण गोड गळ्यावर जीव टाकणारी माणसे. पदाला ‘वन्समोअर’ मिळाला आणि मेलेला नायक उठून पुन्हा गाऊ लागला, असे किस्से आपल्याकडेही कौतुकाने सांगतात. म्हणून व्हेर्दीचे हे पत्र आपण दोनदा वाचावे. सुराला बेसूर करा, असे तो म्हणत नाही. लेडीच्या गळ्यात इतकी अवघड तानबाजी त्याने घातली आहे की कच्च्या गायिकेची धडगत नाही. तो म्हणतो ते एवढेच की गोडवा हा पात्राच्या स्वभावात असेल तर गळ्यात असावा. मेजवानीच्या प्रवेशात हे चांगले दिसते. प्याले उंचावून म्हणावयाचे आनंदगान हे इटालियन ऑपेरातले अगदी सरावाचे सोंग. लेडी ते झोकात म्हणते. मध्येच बँकोचे भूत येऊन बसते. नवरा सर्वांसमोर बरळतो. आणि ती पाहुण्यांना सावरण्यासाठी तेच गाणे दुसऱ्यांदा उचलते. चाल तीच, सूर तेच, पण आता त्या गाण्याच्या गळ्याला फास बसला आहे.

नेपथ्यापर्यंत त्याचा हा हट्ट पोचला होता. मॅकबेथने डंकनला १०४० साली मारले व तो स्वतः १०५७ साली मेला, असे सनावळीसह त्याने फ्लॉरेन्सला कळविले. तेव्हा रेशीम आणि मखमल बिलकूल नको. बँकोचे भूत जमिनीतून वर यावे व ते बँकोचे काम करणाऱ्या नटानेच करावे, मानेवरच्या जखमा दिसाव्यात, असेही लिहिले. सनावळी बरोबर आहे. मात्र इतिहासातल्या डंकनचा खून पलंगावर झाला नाही. तो लढाईत पडला. खऱ्या मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले आणि १०५० मध्ये रोमची यात्रा करून गरिबांना पैसे वाटले. बँको नावाचा मनुष्य तर इतिहासात झालाच नाही. सोळाव्या शतकातल्या एका स्कॉटिश बखरकाराने त्याला जन्माला घातले आणि १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेल्या स्टुअर्ट राजाने आपले कूळ त्याच्यापासून मोजले. शेक्सपीयरला बखरच सोयीची होती. आपल्या ऐतिहासिक नाटककारांना यात काही नवल वाटू नये.

१४ मार्च १८४७ ला पहिला प्रयोग झाला व यशस्वी झाला. तथापि एक आवाज वेगळा उठला. तस्कनीचा कवी जुझेप्पे जुस्ती याने पाचच दिवसांनी व्हेर्दीला पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा: या परदेशी भुताखेतांत काय गुंतला आहेस? आज इटालीच्या हृदयात जे दुःख भरले आहे त्याला सूर दे. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मिलान व व्हेनिस ऑस्ट्रियाच्या टाचेखाली होते, उरलेला देश राजेरजवाड्यांत व पोपच्या राज्यात वाटला गेला होता, आणि १८४८ चा उठाव वर्षावर आला होता. स्कॉटलंडच्या चेटकिणींशी या देशाला काय कर्तव्य?

याला उत्तर व्हेर्दीच्या चौथ्या अंकातच होते. मॅकबेथच्या जुलमाने परागंदा झालेले स्कॉटिश लोक सरहद्दीवर बसून आपल्या छळलेल्या मायभूमीसाठी शोक करतात, असे समूहगान तेथे आहे. शेक्सपीयरमध्ये हा प्रवेश नाही. तेथे सरदार आपसांत बोलतात, येथे प्रजा बोलते. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये प्रयोग झाला तेव्हा मॅकडफच्या तोंडचा मातृभूमीचा उल्लेख ऐकून प्रेक्षकांनी जो गदारोळ केला तो आवरण्यास ऑस्ट्रियन शिपाई बोलवावे लागले, असे सांगतात. सत्ताधाऱ्यांनाही नाटकाचा अर्थ बरोबर समजला होता. रोमच्या परीक्षकांनी चेटकिणी धर्माला बाधक म्हणून त्यांच्या भविष्य सांगणाऱ्या भटक्या बायका केल्या. दक्षिणेकडे, राजाचा खून रंगभूमीवर नको म्हणून डंकनला राजपदावरून उतरवून साधा श्रीमंत सरदार केला. राजवधाच्या नाटकातून राजा काढल्यावर मॅकबेथने एवढी दगदग कशासाठी केली, हे परीक्षकांनी सांगितलेले नाही.

त्यानंतर अठरा वर्षे गेली. इटाली एक झाली. व्हेर्दी ‘रिगोलेत्तो’ व ‘त्राव्हियाता’ लिहून युरोपात सर्वश्रुत झाला. पॅरिसच्या तेआत्र लिरिक या नाट्यगृहाला ‘मॅकबेथ’ फ्रेंचमध्ये करावयाचा होता, आणि पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे नृत्य घालून हवे होते. व्हेर्दीने जुने कागद काढले व स्वतःच्याच कामावर नाखूश झाला. त्याने दुसऱ्या अंकातले लेडीचे विजयगीत टाकून तेथे मावळत्या उजेडाचे, दुसऱ्या खुनाची तयारी करणारे नवे गीत घातले. ते साऱ्या ऑपेरातले एक उत्कृष्ट गीत झाले आहे. निर्वासितांचे समूहगान नवे केले. लढाईसाठी चक्क फ्यूग लिहिली, म्हणजे सूर एकामागून एक एकमेकांचा पाठलाग करतात तो शास्त्रीय प्रकार. शास्त्राचा कंटाळा करणाऱ्या मी हे केले हे ऐकून तुला हसू येईल, असे त्याने प्रकाशक एस्क्युदिएला लिहिले. २१ एप्रिल १८६५ ला प्रयोग झाला आणि चौदा प्रयोगांत आटोपला. टीकाकारांपैकी कोणी लिहिले की व्हेर्दीला शेक्सपीयर समजलेला नाही. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागले. ‘मॅकबेथ’ मला साधला नसेल, पण शेक्सपीयर मला ठाऊक नाही हे खोटे. लहानपणापासून तो माझ्या हाती आहे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर आहे. बावीस वर्षांनी त्याने ‘ओतेल्लो’ लिहून त्या वादाचा निकाल लावला.

‘मॅकबेथ’ मात्र बाजूला पडला. १८७४ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सुधारलेली आवृत्ती झाली, पण तिने मूळ धरले नाही. विसाव्या शतकात प्रथम जर्मनांनी तो उकरून काढला. इंग्लंडात, म्हणजे प्रत्यक्ष शेक्सपीयरच्या देशात, तो १९३८ साली ग्लाइंडबोर्नला आला. ७ डिसेंबर १९५२ ला ला स्कालात मारिया कॅलास हिने लेडी गायिली. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण सदोष असले तरी उपलब्ध आहे. ते ऐकताना ताडोलिनीविषयीचे ते जुने पत्र आठवते. या बाईच्या आवाजात ती घुसमट आणि तो काळिमा आहे, आणि तिच्यावर, आवाज गोड नाही, असा आक्षेप जन्मभर घेतला गेला.

दोन गोष्टी राहिल्या. बायकोच्या मरणाची वार्ता आल्यावर शेक्सपीयरचा मॅकबेथ आयुष्याच्या निरर्थकतेवर जे बोलतो, ते व्हेर्दीच्या ऑपेरात दोन-चार ओळींत उरकले आहे. त्याच्याआधी, आपल्या म्हातारपणाच्या वाट्याला माया नाही, मान नाही, फक्त शिव्याशाप आहेत, असे एक सुंदर गीत मॅकबेथला दिले आहे आणि बॅरिटोन गायक त्यावर टाळ्या घेतात. पण ते बोलणे गेले ते गेलेच. तेथे संगीत हरले, असे मी प्रामाणिकपणे म्हणतो.

दुसरी गोष्ट शेवटाची. १८४७ च्या आवृत्तीत मॅकबेथ रंगभूमीवर मरतो. नरकवाणीवर विश्वास ठेवल्याबद्दल स्वतःला दोष देत, ज्या मुकुटासाठी हे सारे केले त्याला नीच म्हणत, काही थोड्या ओळी तुटक तुटक म्हणतो, आणि संपतो; पाठोपाठ पडदा. पॅरिससाठी व्हेर्दीने हे कापले. मॅकबेथ पडद्याआड मरतो, आणि शाहीर, सैनिक व स्त्रिया मिळून दणदणीत विजयगीत गातात. देश स्वतंत्र झाल्यावर लिहिलेला हा शेवट आहे, त्याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण रात्रभर ज्याच्या मनात आपण बसलो, तो मनुष्य असा नकळत नाहीसा व्हावा, हे अनेक दिग्दर्शकांना सोसत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी आता असे करतात की प्रयोग पॅरिसच्या आवृत्तीचा करावयाचा, आणि विजयगीताच्या आधी, व्हेर्दीने स्वतःच्या हाताने कापलेला तो मरणाचा तुकडा पुन्हा शिवून टाकावयाचा. शिवण दिसते. बॅरिटोन उठता उठता पडतो, वाद्यवृंद क्षणभर थांबतो, आणि मग प्रजा गाऊ लागते.